लिनक्सला चालणारा प्रिंटर

1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो गुपचूप बसून राही. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्रॅम सुधारायचा होता, पण सोर्स कोड काही मिळेना. 1983मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही चीडही होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या जन्मकथेत प्रिंटर आहे तो असा!

आज त्याच परंपरेतल्या लिनक्सवर छपाई सांभाळतं ‘कप्स’ आणि स्कॅनिंग ‘सेन’. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलेलं असेल, तर तो प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. ही सोय खरं तर आयफोनसाठी झाली; लिनक्सला तिचा आयता फायदा.

खरी मेख स्कॅनरची. ऑल-इन-वन यंत्र छापतं झकास, पण स्कॅन म्हटलं की कधीकधी हात वर करतं. म्हणून त्यात वेगळ्या ड्रायव्हरशिवाय स्कॅन करू देणारी ‘ईएससीएल’ची सोय आहे का, ते विचारावं. नुसता यूएसबीवर चालणारा जुना स्कॅनर असेल, तर सेनच्या यादीत नेमका मॉडेल क्रमांक शोधावा. नावात एका अक्षराचा फरक असला, तरी आतली चिप निराळी असू शकते.

दुकानात जाताना लिनक्स थेट सुरू करणारा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप सोबत न्यावा आणि यंत्र तिथंच चालवून पाहावं. दुकानदार थोडा बुचकळ्यात पडेल, पडू द्या.