कपिलधारची ओवी आणि सांगता येणं

मांजरसुंब्याजवळचं कपिलधार म्हणजे संत मन्मथस्वामींचं समाधिस्थान. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. त्यांचा 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ लिंगायत घरांमधून आजही पारायणात वाचला जातो. ओवी वाचणं सोपं. तिचा अर्थ आपल्या शब्दांत सांगताना मात्र कस लागतो.

असं सांगण्याचा उपयोग एका प्रयोगातही दिसला. 1994 साली अमेरिकेत संशोधक मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा धडा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी ओळीगणिक अर्थ स्वतःला समजावला. समजावणाऱ्यांना विषय जास्त कळला.

कपिलधारचा धबधबा पाहायला आलेल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारा, पाऊस थांबला तरी धार लगेच का तुटत नाही? तो म्हणेल, "पाणी मुरतं ना!" कुठे मुरतं? तिथे "म्हणजे... ते असं..." सुरू होतं. मग खडकातल्या भेगा, त्यांतून सावकाश पाझरणारं पाणी असं जोडत गेला की त्याचं त्यालाच उलगडतं.

वक्तृत्व स्पर्धेतली घोकलेली भाषणं अशा समजावण्यात धरू नका बरं! त्या भाषणातलं एक वाक्य अडवून फक्त "म्हणजे काय?" एवढंच विचारून बघा.