इंग्रजीचा सराव : आपापल्या पायरीवरून

इंग्रजी सुधारायचं असेल तर रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचा, हा उपदेश आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. मीही ऐकला होता. आणि कबूल करायला हवं, प्राध्यापक झाल्यावर पुष्कळांना तो केलाही. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या उपदेशाविरुद्ध. हे शहाणपण मला आलं ते मात्र हुपरीच्या एका मुलाकडून.

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याचं गाव, चांदीच्या दागिन्यांसाठी दूरवर नाव मिळवलेलं. पैंजण, जोडवी, करदोडे यांचं काम तिथं घरोघर चालतं. हा मुलगा सकाळी माझ्या वर्गात असे आणि दुपारी घरी चांदीच्या कामाला बसे. इंग्रजीत तो एकदा नापास झाला होता. मी मोठ्या आस्थेनं त्याला सांगितलं, "रोज एक अग्रलेख वाच. अडलेला शब्द कोशात पाहा." मुलगा आज्ञाधारक. महिन्याभरानं वही घेऊन आला. एकाच अग्रलेखातले साठबासष्ट शब्द, सुवाच्य अक्षरात, अर्थासह! मी विचारलं, "अग्रलेख होता कशावर?" तो खाली पाहत म्हणाला, "ते काय कळलं नाही, सर." त्यानंतर तो वर्गात दिसेनासा झाला.

चौकशीला म्हणून मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो चांदीची तार ओढत होता. एका पोलादी पट्टीला ओळीनं छिद्रं असतात, प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा किंचित बारीक. तारेचं टोक त्यातून घालून ती पलीकडे ओढायची. (हल्ली हे काम यंत्रावरही होतं, पण छिद्रांचा क्रम तिथंही चुकत नाही.) मी सहज विचारलं, "एकदम शेवटच्या छिद्रातूनच का ओढत नाहीस?" तो हसला. "तुटंल की, सर! आणि त्याच त्याच छिद्रातनं ओढली तर हाय तेवढीच राहती. पुढच्याच छिद्रात घालायची. दोनचारदा ओढली की ताठरती, मग तापवून नरम करायची, मग पुन्हा पुढं."

तो बोलत होता तारेविषयी. पण परतताना एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की पोराची तार तोडली ती मीच. पहिल्या छिद्राशी असलेल्या मुलाला मी शेवटच्या छिद्रात घातलं होतं.

वास्तविक ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांना ठाऊक होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबांनी घोटली, ती सोप्या वाक्यांपासून कठीण वाक्यांकडे पायरीपायरीनं नेणारी होती. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्याला होते. मुलांच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीनं कोंबलेले असतात, हे पाहून त्यांनी मोजक्या शब्दांची पुस्तकं रचली; पुढे १९५३ साली सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. अलीकडच्या संशोधकांचं म्हणणं असं, की कोशाशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले १०० पैकी जवळजवळ ९८ शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. माझ्या विद्यार्थ्याच्या अग्रलेखात किती होते, याचा हिशेब आता आपणच करा!

मग आपली पायरी ओळखायची कशी? परीक्षेची गरज नाही, हाताची बोटं पुरतात. पुस्तकातला शंभरेक शब्दांचा उतारा वाचा. शब्द अडला की एक बोट मिटा. दोनतीन बोटं मिटली, तर पुस्तक आपलं. मूठ पुरी होऊन वर शब्द उरले, तर ते तूर्त फळीवर ठेवा. एकही बोट मिटलं नाही, तर मजेत वाचून टाका आणि पुढचं घ्या.

दुसरी गोष्ट, वाचनाची पायरी आणि बोलण्याची पायरी एक नसते. कादंबरी वाचणारा मनुष्य दोन वाक्यं बोलताना घामाघूम होतो, हे आपण पाहतोच. युरोपात २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्यांची एक मोजणी प्रसिद्ध झाली. तिच्यात 'तुम्हाला व्याकरण किती येतं' असं न विचारता 'या भाषेत तुम्ही काय करू शकता' असं विचारतात. हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. जोडाचं वजन किती, मजुरी किती, माल कधी मिळेल, एवढं मला इंग्रजीत सांगता येतं का? येत नसेल तर ही तीन वाक्यंच घोटायची. ती जिभेवर बसली की त्यांचे प्रश्न करायचे, मग नकार. म्हणजे पुढचं छिद्र. आणि तार तापवायला विसरू नका. आठवड्यातून एकदा जुना, सोपा धडा मोठ्यानं वाचावा. ताठरलेली जीभ त्यानं नरम पडते.

खरी अडचण पायरी ओळखण्याची नाही, तिच्यावर उभं राहण्याची आहे. तिथं लाज आडवी येते. मी त्या मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीचं सहावीचं इंग्रजी पुस्तक वाच म्हटलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. कॉलेजात जाणाऱ्यानं सहावीचं पुस्तक वाचायचं? शेवटी बहिणीला शिकवतो या निमित्तानं त्यानं ते उघडलं. सहावीचं संपलं, सातवीचं संपलं. तिसऱ्या महिन्यात मला म्हणाला, "सर, ह्यातली गोष्ट मला कळती." हे 'कळती' ऐकून मला झालेला आनंद कुठल्याही निकालानं झालेला नाही.

त्याची पदवी मात्र राहिलीच. ते वर्ष हातचं गेलं, घरचं काम वाढलं आणि तो कॉलेजात परत आला नाही. ती चूक माझ्या खात्यावर आहे, म्हणूनच आज हे आपल्यापुढे बोललो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो तमिळनाडूतल्या एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. वाक्यं लहान, पण एकही तुटलेलं नव्हतं.

आपल्या घरात कुणी इंग्रजी शिकत असेल, तर त्याला आज एवढंच विचारा : तू वाचतोस ते तुला कळतं का? 'नाही' म्हणाला तर रागावू नका. एक पायरी खालचं पुस्तक त्याच्या हाती द्या, आणि जमलं तर शेजारी बसून आपणही वाचा.