न्यायाधीशाच्या दारातील विधवा
(भंडारा येथे मिशनच्या साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लूककृत शुभवर्तमानातील ती विधवा आपल्या परिचयाची आहे. न्यायाधीश देवाला न भिणारा, माणसांची पर्वा न करणारा. तरीही ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते आणि शेवटी न्याय मिळवते. आपण प्रार्थना करताना खचू नये म्हणून प्रभूने हा दाखला सांगितला. पण ती विधवा घरी बसून राहिली नव्हती, हेही ध्यानात घ्या. तिने हेलपाटे घातले आणि आपला हक्क मागितला.

अशा विधवा आपल्या जिल्ह्यातही आहेत. जंगलाला लागून असलेल्या एका गावात मला एक गोंड आजी भेटल्या. पिशवीत वनहक्काच्या अर्जाची घडी जपून ठेवलेली. म्हणाल्या, "कागद त देला बापा, पोच नाई भेटली." आपण हिवाळ्यात त्यांना ब्लँकेट दिले होते. ते त्यांनी आनंदाने घेतले. पण ज्याने त्यांची झोप उडाली होती, ती गोष्ट ब्लँकेटने भागणारी नव्हती.

भंडारा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंब कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क तो मान्य करतो. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. त्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. दावा फेटाळला गेला, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. आजींना यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. आपणही नाही.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. तो कुणा दात्याच्या देणगीने मिळाला नाही. गाव एकत्र बसले, म्हणून मिळाला.

"फादर, हे राजकारण झाले," असे कोणी म्हणेल. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धा आणि रोजचे जीवन यांची फारकत ही आपल्या काळातील गंभीर चूक मानली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, ते धर्मगुरू म्हणूनच. मी कोणत्याही पक्षाचा झेंडा घ्या म्हणत नाही. आजी ख्रिस्ती असोत वा नसोत, हक्क त्यांचा आहे. बोलायचे त्यांनी, आपण सोबत चालायचे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आपल्या गावच्या ग्रामसभेला जा आणि घरातील बायकांनाही न्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना अर्ज वाचून दाखवा. कागद दिला की तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका. धर्मग्रामात ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, त्यांनी महिन्यातला एक दिवस या कामाला द्यावा. ब्लँकेटे द्यायचीच आहेत, तीही थांबवू नका.

आजी पुन्हा कचेरीत जाणार आहेत. त्यांच्यासोबत आपल्यापैकी कोण जाणार, एवढे ठरवूनच आज आपण इथून उठू या.