खरचटलेला बंपर



पावसाळा सरला की पाणंदीतून मोटार नेणं ही एक कसरतच असते. चाकोऱ्या खोल गेलेल्या, बांधावरच्या बोरी-बाभळी वाटेवर वाकलेल्या. अशाच एका पाणंदीत मी मेव्हण्याची मोटार घेऊन शेतावर गेलो आणि वळणावर बांधाचा दगड पुढच्या बंपरला घासला. हातभर ओरखडा उठला. रंग निघून आतलं काळं दिसू लागलं.

गाडी दुसऱ्याची, चार दिवसांत परत द्यायची. मी काय केलं असेल? बाजारातून मिळत्याजुळत्या रंगाचा फवाऱ्याचा डबा आणला, ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि रंग मारून मोकळा झालो. लांबून पाहिलं तर कळतही नव्हतं. महिन्याभरानं मेव्हणा गाडी धूत होता, तेव्हा पाण्याच्या धारेबरोबर माझा रंग सालीसारखा सुटून आला. "दाजी, सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?" एवढंच तो म्हणाला. ते मनाला फार लागलं.

मग आम्ही दोघं तालुक्याच्या पेंटरकडे गेलो. त्यानं बंपरवरून अंगठा फिरवला नि म्हणाला, "सर, खाली काय आहे ते न बघताच रंग मारलात." आजचं माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आहे.

जुन्या जीपचा बंपर म्हणजे लोखंडाची जाड पट्टी. गंज घासून काढावा, रेड ऑक्साइड लावावं, वर तैलरंगाचा हात द्यावा, काम झालं. १९७२ साली फ्रान्समध्ये निघालेल्या रनो-५ या मोटारीला प्लास्टिकचे बंपर आले, आणि आज बहुतेक मोटारींचे बंपर प्लास्टिकचेच असतात. त्यांत पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन वापरतात. या जातीच्या प्लास्टिकांचा मार्ग ज्यांच्या संशोधनानं खुला झाला, त्या जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर आणि इटलीच्या जूलिओ नाट्टा यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे प्लास्टिक गंजत नाही, थोडा धक्का सोसतं. पण अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा याच्यावर रंग ठरत नाही.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. सुकलेल्या चिखलात बारीक वाळू असते. ती तशीच चोळली तर एका ओरखड्याचे शंभर होतात. साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवावं, वाळू द्यावं आणि मग ओरखड्यावर थोडं पाणी लावून पाहावं. ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा बहुधा फक्त वरच्या पारदर्शक थराला आहे, ती पॉलिशनं जाते. पण नख अडकत असेल, आतलं काळं दिसत असेल, तर पुढची पायरी घ्यावी लागते.

चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सुटलेल्या रंगाच्या कडा घासाव्यात, बोटाला पायरी लागू नये इतक्या. मग आठशे नंबरनं हलका हात फिरवावा. चर खोल असेल तर प्लास्टिकसाठी मिळणारी लवचीक लांबी भरावी. नेहमीची कडक लांबी बंपर दबला की तडकते. नंतर पुसून, पूर्ण कोरडं करून प्लास्टिकचा प्रायमर मारावा. मी विसरलो ते हेच. त्यावर रंग, आणि शेवटी पारदर्शक थर. रंगाचा नंबर बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, तो दाखवूनच रंग घ्यावा. फवारा वीतभर अंतरावरून, पातळ हातानं मारावा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. रणरणतं ऊन नको, तशीच पावसाळी दमट हवाही नको.

काही पथ्यं आहेत. काम मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून करावं, जवळ विडी-काडी नको. दिव्यांची काच हल्ली प्लास्टिकची असते, तिला थिनर लागू देऊ नये. बंपरचा खालचा काळा, खरबरीत भाग घासू नये, रंगवूही नये. बंपरमध्ये सेन्सर असतील तर त्यांवर रंग चढवू नये. बंपर तडकला असेल किंवा खिळखिळा झाला असेल, तर आधी मिस्त्रीला दाखवावा. आणि ओरखडा शेजारच्या पत्र्यावर गेला असेल, तर वेळ मुळीच दवडू नये, कारण तिथे गंज लागतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत मुलांना हे सहज दाखवता येईल. प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा अर्धा भाग घासून, प्रायमर लावून रंगवा, अर्धा तसाच रंगवा. चांगला वाळू द्या आणि मग नखानं खरवडून बघायला सांगा. मला चाळिशी उलटल्यावर कळलं, ते त्यांना एका तासात कळेल.

मेव्हण्याच्या गाडीचा बंपर आता ठीक आहे. पेंटरनं घासायला दोन तास घेतले, रंगाला त्याहून कितीतरी कमी. गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच पाणंदीतून जायचं होतं. मेव्हण्यानं किल्ली पुढे केली. मी ती घेतली, पण आधी कोयता घेऊन वाटेवरच्या बाभळी छाटून आलो.