ग्रंथसंग्रह : विद्वानांच्या मनाचा आरसा

(मारेगाव येथे वाचनालयाच्या कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



एखाद्या विद्वानाने काय लिहिले, हे त्याच्या ग्रंथांवरून कळते. परंतु लेखणी हाती घेण्यापूर्वी त्याने काय वाचले, मनोमन कोणाशी वाद घातला, कोणत्या शास्त्राकडे तो पुनःपुन्हा वळला, हे जाणायचे असेल तर त्याच्या घरातील ग्रंथांकडे पाहावे लागते. म्हणूनच सतराव्या-अठराव्या शतकांतील तत्त्ववेत्त्यांच्या खासगी ग्रंथसंग्रहांचा जगभर बारकाईने अभ्यास होतो.

हॉलंडमधील स्पिनोझा हा भिंगे घासून निर्वाह करणारा तत्त्वज्ञ. १६७७ साली त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची नोंद करणाऱ्या नोटरीने सुमारे १६० पुस्तकांचीही यादी केली. हेतू ज्ञानसेवेचा नव्हता, मालमत्तेची व्यवस्था लावण्याचा होता. पण त्या रुक्ष यादीतून हिब्रू धर्मग्रंथ, देकार्तचे ग्रंथ, गणित आणि स्पॅनिश साहित्य एकाच घरात कसे नांदत होते, ते जगाला कळले. पुढे त्याच यादीवरून त्या त्या आवृत्त्या जमवून राइन्सबर्ग येथील त्याच्या घरात तो संग्रह पुन्हा उभा केला गेला. इंग्लंडच्या जॉन लॉकच्या संग्रहात साडेतीन हजारांहून अधिक ग्रंथ होते. त्यांची अभ्यासपूर्ण सूची १९६५ साली प्रसिद्ध झाली. न्यूटन तर महत्त्वाच्या शब्दापर्यंत पानाचा कोपरा दुमडून ठेवी. त्या दुमडीवरून तो कुठे थबकला, हे आजही सांगता येते.

हे सारे युरोपातच घडले, असे मात्र कोणी समजू नये. याच शतकात काशीक्षेत्री एका संन्याशाचा ग्रंथसंग्रह भरतखंडात विख्यात होता. त्यांचे नाव कवीन्द्राचार्य सरस्वती. जन्म गोदातीरीचा, शाखा ऋग्वेदी आश्वलायन. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर रद्द व्हावा म्हणून त्यांनी शहाजहानच्या दरबारी रदबदली केली आणि ती फळास आली. कृतज्ञ पंडितांनी रचलेल्या गौरवपद्यांचा संग्रह ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या नावाने उपलब्ध आहे. ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी त्यांनी केवळ मिरवली नाही. ग्रंथसंग्रहाच्या रूपाने ती सार्थ केली.

फ्रेंच प्रवासी बर्नियर हा वैद्य होता, तसाच तत्त्वज्ञ गासेंदीचा शिष्यही होता. काशीच्या प्रमुख पंडिताने आपल्याला ग्रंथालयात नेऊन सत्कार केला आणि तेथे सहा विद्वानांशी आपली चर्चा झाली, असे त्याने १६६७ च्या पत्रात लिहिले आहे. शहाजहानने या पंडितास दिलेले दोन हजार रुपयांचे वेतन औरंगजेबाने बंद केल्याचेही तो नोंदवतो. हा पंडित म्हणजे कवीन्द्राचार्यच, असे प्रतिपादन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील साक्षेपी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी केले.

पुढे तो संग्रह विखुरला. त्यांच्या नावाची मोहोर मिरवणाऱ्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आणि अन्यत्र आढळल्या. मग मूळ संग्रह केवढा होता, हे कशावरून कळले? एका यादीवरून! काशीत मिळालेली ती सूची बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२१ साली छापली गेली. तिच्यात २,१९२ नोंदी आहेत. वेद, दर्शने, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, साहित्य : एका संन्याशाच्या जिज्ञासेला केवढा हा विस्तार! ग्रंथ पांगले, पण यादी राहिली, म्हणून ते मन आपल्याला अजून भेटते. यादीच नसती तर बिकानेरची पोथी ही एक सुटी पोथी ठरली असती. काशीच्या त्या दालनाशी तिचे नाते कोणी जोडले असते?

आता आपल्या विदर्भाकडे वळू. रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली निघाली आणि कारंज्याच्या जैन भांडारांतील ग्रंथधन अभ्यासकांपुढे आले. आपल्या यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांचा ध्यास घेतला. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून, शारदाश्रमाच्या आधारे त्यांनी हे कार्य केले. संशोधनासाठी महानगरच हवे, या समजाला हे परस्पर उत्तर आहे.

मारेगाव, वणी, पांढरकवडा या परिसरातही जुनी घरे पाडून नवी उभी राहत आहेत. माळ्यावरची ट्रंक खाली येते, आजोबांची पुस्तके रद्दीच्या काट्यावर चढतात आणि रुमालात बांधलेली पोथी नदीत विसर्जित होते. हे द्वेषाने होत नाही, अज्ञानाने होते. पण हानी तेवढीच होते. संग्रह कितीही लहान असो, तो फोडण्यापूर्वी त्याची यादी झाली पाहिजे. ग्रंथाचे नाव, लेखक, सन, मालकाची स्वाक्षरी, समासातील टिपणे, आणि पोथी असेल तर शेवटी दिलेले लेखनिकाचे नाव, शके व स्थळ, एवढे वहीत उतरवावे. पोथ्यांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञानभारतम्’ची घोषणा केली. परंतु शासनाचा माणूस आपल्या माळ्यावर चढणार नाही. ते काम घरच्यांचेच आहे.

येत्या सुट्टीत घरातील एका तरुणाने आणि एका वृद्धाने एकत्र बसून ही वही पुरी करावी. एकाला अक्षर लागेल, दुसऱ्याला आठवणी सांगता येतील. एक प्रत घरी ठेवावी, एक वाचनालयात द्यावी. कवीन्द्राचार्यांची सूची कोणा अनामिकाच्या हातून उतरली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. तसा हात आपल्याही घरात आहे; त्याला कामाला लावावे, एवढीच विनंती.