गणवेशावरचा गरुड



जर्मन लष्कराचा गणवेश हा फितीबिल्ले जमविणाऱ्या हौशी मंडळींचा विषय आहे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटेल. मलाही तसेच वाटत असे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये, हिटलर चॅन्सेलर होऊन जेमतेम वर्ष लोटले असता, संरक्षणमंत्री ब्लोमबेर्क यांनी हुकूम काढला की, सैनिकाने छातीवर उजव्या बाजूस स्वस्तिकधारी गरुड लावावा. एका पक्षाचे चिन्ह राष्ट्राच्या सैन्यावर चढले. आणि त्यासाठी सेनापतींवर कोणी पिस्तूल रोखले नव्हते! त्याच वर्षी २ ऑगस्टला हिंडेनबुर्ग निवर्तले, आणि त्याच दिवशी सैन्याने हिटलरच्या नावाने शपथ घेतली. पट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्यासंगे' ही प्रशियाच्या अमदानीतील अक्षरे मात्र तशीच राहिली.

हा गणवेश शिवला कोणी? पोलंडमधील लोड्झ शहरात १९४० साली सुमारे १ लाख ६० हजार ज्यूंना कुंपणाआड कोंडण्यात आले. तेथील शिंप्यांनी पातळ सूपाच्या मोबदल्यात जर्मन सैन्याचे कपडे शिवले. काम चालू आहे तोवर आपण जगू, ही त्यांची आशा. ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्यांपैकी बहुतेकांना आउश्वित्झला धाडण्यात आले.

साधा सैनिकही सुखात नव्हता. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर तो अपुऱ्या कपड्यांत कुडकुडत होता. वॉर्सातील ज्यूंच्या अंगावरची लोकरी कातडी त्याच डिसेंबरात हिसकावून घेण्यात आली. पुढे त्या मोहिमेचे पदक निघाले. सैनिक त्याला 'गोठलेल्या मांसाचे पदक' म्हणत.

युद्धानंतर सांगण्यात आले की, पापे काळ्या गणवेशातील एस्‌एस्‌ने केली, करड्या गणवेशातील सैन्य निष्कलंक होते. हे खरे नव्हे. सप्टेंबर १९४१ मध्ये किएव्हजवळ बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. त्यांना एकत्र जमण्यास फर्मावणारी भित्तिपत्रके सहाव्या सेनेने छापून दिली होती. १९९५ साली हाम्बुर्गच्या एका संशोधनसंस्थेने अशा कृत्यांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर मोर्चे निघाले.

त्यापूर्वीच, १९५७ साली, पश्चिम जर्मनीने कायदा करून जुनी युद्धपदके पुन्हा छातीवर लावण्यास मुभा दिली होती. स्वस्तिक तेवढे काढून टाकायचे होते.