मागेल तिला?

(तालुक्याच्या महिला शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी एका आजींनी मला विचारलं, "बाई, तू शेतकरी का गं?" नाही आजी. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पण गेली दहा वर्षं तुमचे सातबारे वाचते आहे. आज बोलायचं आहे सौर पंपावर, पण बोलणं सातबाऱ्यावरच येणार, हे आधीच सांगून ठेवते.

पंपाचं चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. शेतीची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की बाप्या माणूस बॅटरी घेऊन निघतो, आणि ज्या घरात बाप्या नाही तिथे बाई निघते. लेक घरात एकटी, बाहेरून कडी. वाटेत विंचूकाटा, आपल्याकडे बिबट्याही. सौर पंप दिवसा चालतो. बिल नाही, डिझेल नाही. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. आपल्या राज्याने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आणली. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं आहे.

आता योजनेचं नाव पुन्हा वाचा. मागेल 'त्याला'. तुम्ही हसता, पण व्याकरण बरोबरच निघालं!

कागद काय लागतात? सातबारा, त्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद, आधार, बँकेचं पासबुक. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची ना-हरकत, मुद्रांकाच्या कागदावर. देशात २०१५-१६ ची कृषिगणना झाली तेव्हा शंभर वहिवाटदारांत बायका होत्या चौदाच्या आसपास. निंदणी, खुरपणी, वेचणी आपली; सातबारा त्यांचा. म्हणजे बहुतेक बायकांसाठी ही योजना पहिल्या कागदालाच संपते.

पण मला सांगायचंय ते जिचं नाव लागलं होतं तिच्याबद्दल. तिचं नाव मी घेणार नाही. नवरा गेला तेव्हा पस्तिशीच्या आत होती, एक मुलगी. चार एकर, दोन भावांचा एकच सातबारा. वारसनोंदीसाठी आम्ही दोघींनी दोन वर्षं चकरा मारल्या. तिचं आणि मुलीचं नाव लागलं त्या दिवशी आम्ही बसस्टँडवर भजी खाल्ली. मग पंपाची योजना आली. अर्ज मीच भरायला घेतला, आणि ना-हरकतीचा रकाना पाहून मीच तिला म्हटलं, "दिराची सही आण, साधा कागद आहे."

दीर हो म्हणाला. एका सोमवारी तिला तालुक्याला घेऊन गेला. "पंपाच्या कागदावर सही करायची," एवढंच सांगितलं. कागद टाइप करून तयार, साक्षीदार हजर. ही आमच्या साक्षरता वर्गातली. वाचायला वेळ लागतो, पण बोट ठेवून वाचते. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'हक्कसोडपत्र'. पेन टेबलावर ठेवलं आणि चालत स्टँडवर आली.

ही हकीकत मी बऱ्याच ठिकाणी सांगते, आणि टाळ्या पडतात. टाळ्या नकोत. मला त्या दिवशी लाज वाटली होती. एम. ए. च्या दोन वर्षांत मला हे कळायला हवं होतं, की सासरच्या घरात बाईने मागितलेल्या सहीची किंमत लावली जाते. आणि पंप अजून आलेला नाही. दीर म्हणतो, पंप माझ्या नावावर घे, पाणी आधी माझ्या उसाला. संमती असेल तर वाटप तहसीलदारांकडे कलम ८५ खाली होतं. नसेल तर दिवाणी कोर्ट. ती कोर्टात गेली आहे. तोवर रात्रीची पाळी चालूच.

आणि जिथे पंप आले तिथे? पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी तयार होते. ती पुसायची कोणी, हे विचारायला नको. त्यात उन्हाचं बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालतो, आणि शेजारच्या उथळ विहिरीचं पाणी उतरतं. उथळ विहीर बहुधा गरिबाची असते.

पाणी जमिनीच्या कागदालाच बांधलेलं असायला हवं, असं कुठे आहे? १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी माणशी वाटलं गेलं, भूमिहीनांनाही वाटा होता आणि ऊस लावायचा नाही असं ठरलं होतं. सौर पंपाला हा नियम का लागू नये? दहा बायकांच्या गटाला एक पंप, त्यात भूमिहीनही, टाकलेल्याही. ही मागणी आपण लेखी करू या.

तोवर हातातलं काम. नवरा हयात आहे आणि राजी आहे, त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करावा. शासनाचं परिपत्रक १९९२ चं आहे. नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. "असं काही नसतं" असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. विधवा बहिणींनी आधी बघावं, आपलं नाव कब्जेदार सदरी आहे की 'इतर हक्कात' ढकललंय.

जेवणानंतर त्या लिंबाखाली मी बसते. सातबारा आणि आठ-अ घेऊन या. आणि कोणी सही मागितलेला कागद घरात असेल, तर सही न करता तोही आणा.